लेखामावशीचं फुकट तिकीट

आमच्या सासूबाई फुकट काही मिळालं की आधी उजेडात धरून बघतात. मिरजेच्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होत्या, त्यामुळे नोट असो नाहीतर भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर, तपासल्याशिवाय पिशवीत जात नाही. अशा बाईला माझ्या नवऱ्याने, सोहमने, पॉइंट्सचा नाद लावला. बरं लावला तो लावला, वर मलाच विचारतो, "दीप्ती, आई दिवसभर असते कुठे गं?"

सासरे गेल्यावर आई इथे परदेशात, आमच्याकडे क्वेकर्स हिलला, कायमच्या राहायला आल्या. पहिले चार महिने खिडकीत बसून समोरच्यांचा कचऱ्याचा डबा कधी बाहेर येतो एवढंच बघत होत्या. मला बघवायचं नाही. शेवटी एका रविवारी सोहमने त्यांना समोर बसवलं.

"आई, हे बघ. क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्ड विकत घ्यायचं. त्याचे पॉइंट्स मिळतात. शिवाय कधीकधी दुकान स्वतःचे पॉइंट्स देतं, दहापट, वीसपट. मग त्याच गिफ्ट कार्डाने आपण दूध, भाजी, पेट्रोल घ्यायचं. खर्च काय, तसाही होणारच आहे."

"आणि त्या पॉइंट्सचं काय लोणचं घालायचं?"

"विमानाचं तिकीट."

आईंनी तीन दिवस हिशेब घातला. चौथ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "यात चोरी कुणाची होत नाही ना?" नाही, असं सोहमने दोनदा शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी पायात स्निकर्स चढवले.

आणि मग काय विचारता! कुठल्या दुकानात कुठली ऑफर, कुठल्या केमिस्टकडे कार्डांचा स्टँड दाराशी असतो आणि कुठे शाम्पूच्या मागे लपवलेला असतो, सगळं पाठ. सोहमने आपल्या खात्यावर त्यांच्या नावाचं जोडकार्ड काढून दिलं. ऑफिसमधून तो फोनवर सांगायचा आणि आई बसने जाऊन घेऊन यायच्या. संध्याकाळी दोघं मायलेक डोकी जोडून बसत. मी आणि ओवी, म्हणजे आमची अकरा वर्षांची मुलगी, आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर लेखामावशीसाठी. चित्रलेखा ही आईंची मोठी बहीण. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, शाळेत शिकवून धाकट्या तिघांची शिक्षणं केली. आईंची कॉलेजची फीसुद्धा तिनेच भरली. तिने आजवर विमान पाहिलं ते फक्त खालून. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास करा, पण पाय मुडपून तासन्‌तास बसायचं नाही. म्हणजे आडवं होता येईल अशीच सीट हवी. तिची किंमत ऐकून आम्ही तो विषयच सोडून दिला होता. व्हिसा मोठ्या मिनतवारीने काढला होता, तो मेअखेर संपणार होता. आणि पॉइंट्सवर मिळणारी तशी सीट संबंध मे महिन्यात एकच दिसत होती, चौदा तारखेची. आम्हाला थोडेच पॉइंट्स कमी पडत होते.

वीसपट पॉइंट्सची ऑफर त्या मंगळवारी संपत होती. दहा कार्डं मिळाली की काम फत्ते. सोहमची पॅरामॅटाला मीटिंग होती, म्हणून आई एकट्याच गेल्या. दुपारी तीनला मला केमिस्टकडून फोन आला. कोणी टीगन नावाची मुलगी बोलत होती. "तुमच्या सासूबाई ठीक आहेत, पण तुम्ही लगेच येऊ शकाल का?"

तशीच गाडी काढली. जाऊन बघते, तर फ्लूची लस टोचतात त्या खुर्चीत आई ताठ बसलेल्या, हातात पाण्याचा ग्लास, नाकाचा शेंडा लाल. समोर बावीस-तेवीस वर्षांची ती पोरगी उकिडवी बसून त्यांचा हात धरून होती.

झालं होतं असं. आईंनी दहा कार्डं काउंटरवर ठेवली, त्यातल्या एकाचे पैसे भरले आणि तिथेच दोन डॉलरच्या नाण्याने त्याची पाठ खरवडून सोहमला फोनवर नंबर वाचून दाखवायला लागल्या. चालतंय का, हे बघायला. टीगनने ते पाहिलं. हल्ली मुलाच्या नावाने फोन करून म्हाताऱ्या माणसांना अशी कार्डं घ्यायला लावतात आणि नंबर विचारून पैसे लंपास करतात, हे त्या पोरीला पक्कं शिकवलेलं. तिने बाकीची नऊ कार्डं गल्ल्यामागे ठेवली आणि हळूच विचारायला सुरुवात केली. आणि आमच्या आई कोर्टात उभ्या राहिल्यासारख्या खरं खरं सांगत गेल्या.

कोणी घ्यायला सांगितली? मुलाने. फोनवर? हो, फोनवर. घाई आहे म्हणाला का? फार घाई, आजचा शेवटचा दिवस. कशासाठी हवीत? माझ्या बहिणीच्या विमानाच्या तिकिटासाठी, तिचं ऑपरेशन झालंय. कुणाला सांगू नकोस, असं म्हणाला का?

"हो!" आई म्हणाल्या. "अजिबात कुणाला सांगायचं नाही म्हणाला."

आता सोहमचं म्हणणं एवढंच होतं, की महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकू नकोस, स्टँड रिकामा होईल. पण टीगनला ते कसं कळणार! तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, तो तुमचा मुलगा नाहीये.

"मी जन्म दिलाय त्याला!" आई ओरडल्या. तेव्हापासून खुर्ची आणि पाणी.

मी सोहमला स्पीकरवर घेतलं. टीगन म्हणाली, सॉरी, आवाज काय, हल्ली कुणाचाही बनवता येतो. मग माझं लायसन्स, आईंचं जोडकार्ड, दोन्हींवरचं आडनाव, घरातले फोटो, मॅनेजरची सही, अशी यात्रा झाली. पाऊण तास मोडला. मला हसू आवरत नव्हतं आणि आईंकडे बघायची हिंमत होत नव्हती. एकतीस वर्षं कॅश सांभाळलेल्या बाईला भोळी ठरवलं होतं, तेही भर दुकानात. नऊच्या नऊ कार्डं मिळाली तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. म्हटलं, आता हिची खैर नाही. पण आईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "यू डिड करेक्ट," म्हणाल्या. "आय वॉज बँक कॅशियर. आय ऑल्सो नॉट गिव्ह." ती पोरगी रडायलाच लागली.

शनिवारी पॉइंट्स जमा झाले आणि सोहमने सीट घेऊन टाकली. आईंनी अर्ध्या क्वेकर्स हिलला सांगितलं. देवळात, बसमध्ये, वॉकला भेटेल त्याला. "फुकट हं! छदाम नाही दिला!" कर वगैरे भरावा लागला, ते त्या सांगत नसत.

रविवारी मिरजेला फोन लावला. आम्ही सगळे भोवती.

"लेखाताई, बॅग भर. चौदा मे. झोपून यायचंय तुला, राणीसारखं."

"एवढे पैसे कुठून आणलेस?"

"पैसे कसले? फुकट आहे!"

पलीकडून आईंना नावाने हाक मारत मावशीचा शाळेतला आवाज आला. "सुहास, तुला कोणीतरी गंडवलंय. फुकट विमानात कोण बसवतं? आणि मी जन्मात फुकटचं काही घेतलेलं नाही, ते आता म्हातारपणी घेऊ? रद्द कर. मी येणार नाही."

आईंनी समजावलं. पॉइंट्स, वीसपट, केमिस्ट, सगळं. जितकं समजावलं तितकी मावशी घट्ट होत गेली. सोहमने फोन घेऊन पाहिला, त्यालाही झापलं. शेवटी मावशी म्हणाली, "ठेवते," आणि आईंचा चेहरा पांढरा पडला.

"थांब!" त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी. फुकट नाहीये. माझ्या पेन्शनमधून भरलेत."

"किती?"

आईंनी सोहमकडे बघितलं. सोहमने दोन बोटं वर केली, मग अर्धं वाकवून तिसरं.

"अडीच लाख."



"वेडी आहेस तू," मावशी म्हणाली, पण आवाज पार बदललेला. "अडीच लाख! माझ्यावर? अगं, माझ्यावर कधी कोणी पाचशे रुपये खर्च केले नाहीत गं, सुहास."

आणि ती रडायला लागली. आईही रडल्या. मीसुद्धा, कशाला खोटं सांगू. बऱ्याच वेळाने मावशी नाक ओढत म्हणाली, "तिकडे स्वेटर लागतो का?"

फोन ठेवून आईंनी पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे वळल्या.

"आता कान उघडे ठेवून ऐका. लेखाताई इथे आहे तोवर या घरात पॉइंट्स हा शब्द कुणी काढायचा नाही. देवळातल्या बायकांनाही मी सांगते."

"बट आजी, दॅट्स अ लाय," ओवी म्हणाली.

"आहेच," आई म्हणाल्या, आणि लेखामावशीच्या स्वेटरसाठी लोकर शोधायला उठल्या.