खाली कोण राहतं?

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. भूकंप झाला तर कुठल्या इमारतीचं किती नुकसान होईल याचा अंदाज करणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात मी इमारतींची माहिती भरते. आज मुलुंडच्या एका सोसायटीत गेले होते.

सेक्रेटरी सावंतकाकांना विचारलं, "माळे किती?"

"सात."

मी रस्त्यावरून मोजले तर आठ. "काका, तळमजला धरला नाहीत का?"

"तळमजला कुठाय गं? खाली नुसतं पार्किंग. तिथे कोण राहतं?"

सॉफ्टवेअर तर आधी त्याच मजल्याचं विचारतं. भिंती नाहीत, नुसते खांब, म्हणजे जमीन हलली की पहिली वाट तिथेच लागते. तसं सांगितलं तर काका म्हणाले, "अगं, आमचा गणपती बसतो तिथे. काय नाय होत."

चिडचिड करत बोरिवलीला घरी आले. आई फोनवर कुरियरवाल्याला पत्ता सांगत होती, "पहिला माळा. खाली कोणी नाही, पार्किंग आहे."

चपला न काढताच परत खाली गेले. नुसते खांब. रोज तिथूनच जाते मी.

तुमची बिल्डिंग किती माळ्यांची? आधी खाली उतरून मोजा, मग सांगा.