पेशंटला हलवायचं नाही

सुदर्शन गावंडे कारंज्याचा. तिथे बर्फ दोनच ठिकाणी दिसायचा, रसवंतीवर आणि मयताच्या घरी. असल्या गावच्या मुलाने पुण्यात यावं, हिंजवडीच्या कंपनीत लोकांचे अडकलेले कॉम्प्युटर सोडवावेत आणि मनात मात्र हिमालयातल्या नोकरीचा ध्यास धरावा, हे त्याच्या वडिलांना काही केल्या पटलं नाही. "लोकायचे पोरं अमेरिकेत जाऊन राहिले, अन् हे बेनं बर्फात चाललं," असं बापूराव फोनवर म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवायचे.

झालं होतं असं. २००६च्या हिवाळ्यात सुदर्शन रजा काढून हिमाचलात स्कीइंगच्या शिबिराला गेला आणि चौथ्या दिवशी गुडघा पिरगाळून उताराच्या मध्येच पडला. तेव्हा लाल जॅकेट घातलेला एक माणूस बर्फावरून सरसरत आला. त्याने गुडघा बांधला, सुदर्शनला स्लेजमध्ये आडवं करून पट्ट्यांनी आवळलं आणि पुढचे दांडे धरून खालपर्यंत आणलं. वाटेत तो सारखा बोलत होता. नाव काय, गाव कुठलं, आई स्वयंपाकात काय छान करते. खाली पोचेपर्यंत सुदर्शन गुडघा विसरला होता. त्याने पहिला प्रश्न केला, "भैया, याची परीक्षा कोणती असते?" आपल्याकडच्या मुलाला दुसरं काय सुचणार?

परीक्षा होती. त्या लाल जॅकेटवाल्यांना स्की पेट्रोलर म्हणतात. सकाळी धोक्याच्या जागी दोऱ्या बांधायच्या, दिवसभर पडलेल्यांना खाली आणायचं, आणि संध्याकाळी मागे कुणी राहिलं नाही ना हे बघत सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. दोन हिवाळे उमेदवारी, तिसऱ्या फेब्रुवारीत शेवटची चाचणी. पास झालं की दर हिवाळ्याची नोकरी. सुदर्शनला आयुष्यात यापलीकडे काही नको होतं. कंपनीतले लोक परदेशातल्या ऑनसाइटची वाट बघत, हा डिसेंबरची आणि बिनपगारी रजेची.

अडचण एवढीच की बर्फ चार महिने असतो आणि पुणं बाराही महिने. माणूस घातलेली स्लेज उतारावर सांभाळायची म्हणजे हाताची सवय हवी. मग त्याने पाण्याचा जुना प्लास्टिकचा पिंप उभा कापून घेतला आणि बुधवार पेठेतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्याला पाइपाचे दांडे बसवले. वेल्डिंगवाल्याने त्या वस्तूकडे बराच वेळ बघितलं. "मयत न्यायला का?" त्याने विचारलं. "नाही, जिवंत," सुदर्शन म्हणाला.

पाऊस सरला की तळजाई टेकडीच्या उतारावरचं गवत वाळतं आणि असं गुळगुळीत होतं की त्यावर उभं राहता येत नाही. सुदर्शनचा तोच बर्फ. पिंपात वाळूचं पोतं बांधायचं आणि त्याच्याशी बोलत बोलत खाली यायचं.

हे त्याचे घरमालक श्यामसुंदर आगाशे यांच्या कानावर गेलं. आगाशेकाका शनिवार पेठेत लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. एक खोली त्यांनी सुदर्शनला दिली होती. वेधशाळेतून निवृत्त झालेला हा बावन्न किलोचा माणूस एका रविवारी कानटोपी घालून टेकडीवर हजर झाला.

"अहो गावंडे, पोत्याशी काय बोलता?"

"पेशंटशी बोलत राहावं लागते काका. पेशंट जागा राहायला पाहिजे."

"पोतं जागं आहे का?"

सुदर्शनने पोत्याची गाठ आवळली.

"सोडा ते. मी झोपतो. मी उत्तरं देईन. उलट उत्तरं देईन, म्हणजे तुमचा सराव बरा होईल."

आणि खरोखरच काका पिंपात झोपले. पहिल्याच फेरीत फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी कळवळून विचारलं, "काय झालं हो यांना?" काका पडल्या पडल्या म्हणाले, "काही नाही. तुम्हाला उशीर होत असेल."

याच्यामागे खरं काय होतं ते सुदर्शनला काही आठवड्यांनी कळलं. काकांनी चौतीस वर्षं हिमालयातल्या ठाण्यांवरून आलेले आकडे नकाशावर टाकले होते. कुठे किती सेंटिमीटर बर्फ पडला ते त्यांना तोंडपाठ असायचं. "पण हातात घेतला तो फक्त फ्रीज साफ करताना," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

"पास झालो ना काका, की तुम्हाले अन् काकूंना वर नेतो. खऱ्या बर्फावरून, खऱ्या स्लेजमधून खाली आणतो."

"धडधाकट माणसाला बसवतात?"

"तुम्हाले बसवतीन."

"नको, उपकार नकोत. लंगडायची तयारी करतो."

दोन वर्षं, पाऊस आणि बर्फाचे महिने सोडून, दर रविवारी ही जोडी टेकडीवर. काका नुसते पेशंट राहिले नाहीत. सुदर्शनचं प्रथमोपचाराचं पुस्तक त्यांनी पाठ केलं, निदान अर्धं. पडलेल्या माणसाची मान दुखत असेल तर त्याला हलवायचं नाही. एकाने डोकं दोन्ही हातांत स्थिर धरायचं. पेशंटला बांधून न्यायची फळी येईपर्यंत पाणी नाही, उठवणं नाही, बसवणं नाही. पुस्तकाचा दुसरा भाग आजारांचा होता, छातीत दुखणं, झटका वगैरे. तिथे आल्यावर काका म्हणाले, "हे राहू द्या. आमच्या वयात आजार घरचेच असतात, त्यांची ओळख कशाला करून देता?" सुदर्शन हसला आणि त्याने पान उलटलं. डोंगरावर दहातले नऊ गुडघेच असतात.

पुढे वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासची आई, द्वारकाबाई, न्हाणीघरात घसरल्या. सगळी बिल्डिंग धावली, कुणी बगलेत हात घातले, कुणी साखरपाणी आणलं. काका दारात आडवे उभे राहिले. "हात लावाल तर याद राखा!" त्यांनी श्रीनिवासला आईचं डोकं धरायला बसवलं आणि फळी येईपर्यंत कुणाला फिरकू दिलं नाही. मणका दुखावला होता. "उचललं असतंत तर पाय गेले असते," असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये काकांचा शब्द शेवटचा झाला. काका जिन्यात लोकांना गाठून धडे द्यायला लागले, आणि काकू, सरोजिनीबाई, म्हणायला लागल्या, "कुणी पडत नाहीये म्हणून यांना वाईट वाटतंय."

फेब्रुवारी २००९मध्ये शेवटची चाचणी झाली. सुदर्शनने स्लेज उतरवली, दोरांची कामं केली. अकराच्या सुमारास तोंडी परीक्षा. परीक्षकाने विचारलं, साठीचा पर्यटक बर्फात पडलेला आहे, मान आणि जबडा दुखतो म्हणतो. पहिलं काय करशील? सुदर्शन म्हणाला, पहिलं विचारीन, पडलात म्हणून दुखतंय की दुखलं म्हणून पडलात. दुखलं म्हणून पडला असेल तर तो हार्टचा पेशंट. थांबायचं नाही, तडक खाली न्यायचं. परीक्षकाने मान डोलावली आणि पूर्ण गुण दिले.

संध्याकाळी स्की-लिफ्टच्या खालच्या स्टेशनवरून काकांच्या घरचा फोन लागला. "काका, झालो!" तो ओरडला. फोनवर श्रीनिवास होता. "सुदर्शन," तो म्हणाला, "काका गेले रे. दुपारी."

सुदर्शन पोचला तो तिसऱ्या दिवशी. काय घडलं ते श्रीनिवासने सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पावणेबाराला काका भाजी घेऊन चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले. शुद्धीवर होते. म्हणाले, मान दुखते, जबडा दुखतो, डावा खांदा दुखतो. कुणी हलवायचं नाही. श्रीनिवास, डोकं धर. अँब्युलन्स बोलवा, फळी घेऊन या म्हणावं.

"दारात रिक्षा उभी होती," श्रीनिवास म्हणाला. "रिक्षावाला दोनदा वर आला. न्यायचं ना आजोबांना? काका म्हणाले, आपण आपलं मीटर बघा. घाम फुटला होता रे त्यांना. पण मला म्हणाले, छान धरलंयस, असंच धर. अँब्युलन्स पुलावर अडकली. पन्नास मिनिटं. मी हात सोडले नाहीत. शपथ. मुंग्या आल्या तरी सोडले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सुदर्शन एकटाच, काकांना नेलं होतं त्या हॉस्पिटलमध्ये गेला. चालत गेला तर सात मिनिटं लागली. डॉक्टर तरुण होते, बहुधा त्याच्याच वयाचे. ते म्हणाले, मानेला काही झालेलं नव्हतं. हार्ट होतं. लवकर आले असते तर प्रयत्न करता आला असता. आणायला इतका वेळ का लावला?

परतताना तो ओंकारेश्वराजवळ नदीच्या कठड्याशी बसला. खिशात चाचणीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं की या इसमाला कुणाला हलवायचं आणि कुणाला नाही हे कळतं.

घरी काकू वाटच बघत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"हॉस्पिटलात गेला होतात."

"हो."

"एक विचारते, खरं सांगा. यांनी केलं ते बरोबर होतं का?"

"अर्धंच होतं काकू," तो म्हणाला. "मी त्यांना अर्धंच शिकवलं. दुसरं अर्धं मलेच सांगायचं होतं. त्यांनी नको म्हटलं, अन् मी हसलो."

काकूंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "घाम बघूनच वाटलं होतं. पण यांच्यापुढे बोलायची सोय कधी होती? चाळीस वर्षांत नव्हती." मग आवाज कोरडा करून म्हणाल्या, "हे इथून बाहेर जायला नको. ते शेवटपर्यंत नियमाने वागले असं मी सगळ्यांना सांगितलंय. आणि त्या श्रीनिवासचे हात बघा जरा. जेवतासुद्धा येत नाहीये त्याला."

तेराव्याला बिल्डिंगमधले सगळे जेवायला होते. पंगत उठल्यावर श्रीनिवास सुदर्शनला गच्चीच्या जिन्यात घेऊन गेला. पन्नाशीला आलेला, दुकानात दहा माणसांना नाचवणारा तो माणूस शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला.

"पास झालास म्हणे. अभिनंदन."

"हं."

"म्हणजे आता तू सर्टिफाइड. मग तूच सांग. मी धरलं होतं ते बरोबर होतं ना? लोक काही बोलत नाहीत, पण तो रिक्षावाला परवा चौकात भेटला आणि माझ्याकडे असं बघत होता… मी उचलायला हवं होतं का? खरं सांग. तू सांगशील ते मी मानेन."

दोन वर्षं शिकलेलं सगळं सुदर्शनच्या ओठांवर आलं.

"तुम्ही बरोबर केलं दादा," तो म्हणाला. "मी असतो तर मीही तसंच धरलं असतं."

श्रीनिवासने भिंतीला डोकं टेकलं आणि मोठ्याने रडायला लागला. सुदर्शन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं मन एवढंच सांगत होतं की जो माणूस असं खोटं बोलू शकतो त्याच्या भरवशावर कुणी उतारावर स्लेजमध्ये झोपू नये.

नोव्हेंबरात डोंगरावरून पत्र आलं, एक डिसेंबरला रुजू व्हा. काकूंनी ते फोडून वाचलं आणि त्याच्या हातात देत म्हणाल्या, "जा. खोली ठेवते मी." त्याने पत्र घडी करून खिशात घातलं. मग ऑफिसला जाऊन नकाराचा मेल लिहिला, तीनच ओळींचा, आणि कुणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडला होता तिकडे निघून गेला.