शिक्का एकेचाळीस

उल्हासकाका चहाआधी भिंग पुसत. धातूला हात लावण्यापूर्वी अंगठी काढून ठेवत. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवत. दिल्लीत विमानतळाजवळच्या द्वारकेत राहत असल्यामुळे ते दिवसभर तुटक बोलत. वहीत आकडे मात्र मराठीच लिहीत.

ते विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे युद्धात पडलेल्या विमानांचे तुकडे आणत. भागाच्या क्रमांकावरून विमान ओळखता येई, शिक्क्याच्या आकड्यावरून तो भाग पास करणारा तपासनीस. शेजारची, दिल्लीतच वाढलेली मी त्यांच्या वहीवरून अहवाल टाइप करून देई.

मार्चमध्ये फरीदाबादच्या विजयाताई विमानाचा एक धातूचा सांधा घेऊन आल्या. त्यांचा भाऊ मुरलीधर एकाहत्तरच्या युद्धात विमानासह डोंगरावर कोसळला होता. कागदोपत्री चूक वैमानिकाची.

"आई मरेपर्यंत तेच ऐकत राहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून सांगा."

काकांनी बघितलं. भिंग खाली ठेवलं. अंगठी घातली, पुन्हा काढली.

"आठवड्याभरात कळवतो."

मी टाइप केलं: विमान मुरलीधर यांचंच. सांध्याचं भोक तिरकं, दोष उड्डाणाआधीचा. शिक्का 89.

काका कागदाकडे बघत राहिले. "एकोणनव्वद?"

"तुम्हीच लिहिलंय."

"बरं."

चार दिवस त्यांनी सही केली नाही. बेल वाजली की हेमलताकाकूंना म्हणत, "विजयाताई असल्या तर मी घरी नाही."

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. "अपूर्वा, तू माझा चार आठ वाचलास आणि एक नऊ. ते एकेचाळीस आहे."

"म्हणजे फोर्टी-वन?"

"साहित्यात एम. ए. म्हणे." ते हसले. मग म्हणाले, "एकेचाळीस माझा शिक्का. लढाई चालू होती, तुकड्यांचा ढीग लागलेला. भोक न बघता मारला."

मी म्हटलं, "काका, 89 राहू दे. कोणाला कळणार?"

"एकोणनव्वद माझ्या बरोबरच्या हरिदासचा होता. बिचारा गेला. त्याच्यावर ढकलू? भीती वाटते गं. त्या बाईसमोर कसा बसू? उद्या ये. दुरुस्त करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दार उघडंच होतं. आत सोसायटीतली माणसं उभी होती. काका पहाटे गेले होते.

कागद टेबलावर होता, पेनाचं टोपण काढलेलं. 8 खोडून वर ४ लिहिला होता. सहीची जागा कोरी. 9 अजून तसाच आहे.