पाळीवर थांबलेली चंपा

काका गेल्याची तार आली तेव्हा मी भंडाऱ्याच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. तार वाचली आणि उरलेले पेपर संपवूनच उठले. तेरवीला आंबागडच्या घरी शोकसभा झाली आणि लाकडाचे ठेकेदार असलेले माझे काका तिथं 'गजप्रेमी' ठरले. सोंड कुठली नि शेपूट कुठलं, यापलीकडे काकांना हत्तीतलं काही कळत नव्हतं... पण मेलेल्या माणसाला काहीही चिकटवता येतं.

हत्तीण होती हे खरं. चंपा. जंगलातले ओंडके ओढायला काकांनी ती आणली, सोबत तिचा माहूत रहमतभाई. चंपा तणसाची, भाताच्या वाळल्या काडाची, पेंढी सोंडेत धरायची, पायावर आपटून माती झाडायची, मगच तोंडात घालायची. काका त्याला नखरा म्हणत. स्वतः मात्र भातात एक खडा लागला की ताट भिरकावत.

मी तेव्हा सतरा वर्षांची, शिकायला काकांकडे राहत होते. एका दुपारी त्यांचा डबा घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गेले. चंपानं ओंडका पाळीपर्यंत आणला आणि थांबली. सोंडेनं जमीन हुंगली, पुढचा पाय अलगद टेकवून दाबून पाहिला, मागं घेतला. तिचे कान हलायचे थांबले. रहमतभाई म्हणाले, "मालक, खालून पोकळ हाय. थे नाही चढनार."

"हत्ती तू पोसतो का मी? मार अंकुश."

रहमतभाईंनी अंकुश काकांच्या पायाशी ठेवला. काकांनी त्यांना तिथूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी तेच ओंडके बैलगाडीवर लादून गाडीवानाला पाळीवरून धाडलं. पाळ खचली, एका बैलाचा पाय मोडला. ते कळताच रहमतभाई आशेनं परत आले आणि गाडीवानासकट चारचौघांत त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाई, तुमी पाहिलं ना?" काका माझ्याकडे बघत होते. मी खाली पाहिलं... रहमतभाई गेले ते गेलेच. त्यांचा विसरलेला गमछा हुंगत चंपानं चार दिवस तणसाला तोंड लावलं नाही. नव्या माहुताचं ती ऐकेना, तेव्हा काकांनी तिला सर्कशीत विकून टाकली.

मग त्यांनी गोष्ट रचली. आपणच काठी आपटून पाळ पोकळ ओळखली, चंपाला वाचवलं, गाडीवानानं मात्र ऐकलं नाही. सिहोऱ्यापासून अड्याळपर्यंत ती सांगितली, आणि दरवेळी शेवटी माझ्याकडे बोट, "इचारा हिले." मी मान हलवायची. नोकरी लागली, स्वतःची खोली झाली, तरी हलवायची. शोकसभेतही ती गोष्ट निघाली, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी मान हलली. काकांइतकीच मला माझी किळस आली.

पाळ खचल्यापासून काका कुठल्याही पाळीवर पाऊल टाकण्याआधी काठी आपटत, कान देऊन थांबत. लोकांना तो रुबाब वाटे. ती हुबेहूब चंपाची नक्कल होती. जन्मात एकाच जिवाकडून काही शिकले, आणि त्यालाच विकून मोकळे झाले.

ती काठी आता माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी आंबागडच्या तलावावर गेले, पाळीशी थांबले, काठी आपटली. समोरून तोच गाडीवान येत होता, आता म्हातारा झालेला. काकांची सवय उचलली का, म्हणून त्यानं विचारलं.

"काकांची नाही," मी म्हटलं. "चंपाची."

"मले तेव्हाच माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "सांगाले तुमीच उशीर केला."