परत येण्याचा पुरावा

पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. लागली तेव्हा बाबा माझ्या आधी चढले आणि खिडकीची जागा धरून बसले. ते मुंबईला पहिल्यांदाच निघाले होते. आईने मला जवळ घेतलं नाही. "नीट जा," एवढंच म्हणाली. मग खिडकीतून बाबांना म्हणाली, "ती पिशवी खाली ठेवू नका." पिशवीत सातबाऱ्याचा उतारा होता आणि त्यावर माझं नाव होतं.

आपला रायगड जिल्हा अजून कुलाबा म्हणवत होता तेव्हाची, साठ सालानंतरची ही गोष्ट. मी पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. महाडला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले, मुंबईला नर्सिंग केलं आणि एका मोठ्या इस्पितळात लागले. लहान मुलांच्या शुश्रूषेचं पुढचं शिक्षण घ्यायला अमेरिकेची दीड वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली, पण व्हिसा नाकारला गेला. शिक्षण संपल्यावर ही मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही, असं कारण होतं. लग्न झालेलं नाही, नावावर काही नाही, मग परत कशाला येईल? नवा पुरावा जोडून फेरविचाराचा अर्ज तेवढा करता येत होता.

ते पत्र मी घरी नेऊन बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी पत्राची घडी केली. मग म्हणाले, "पोरगी घराबाहेर जायचीच. ती परत येईल ह्याचा कागद आमच्यात कोण करत नाय." ते चिडले नव्हते, रीत सांगत होते. अमेरिकन वकिलातीतल्या साहेबाला जे वाटलं होतं तेच आमच्या घरालाही पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आई तांदूळ पाखडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "दर लावनीला रजा काढून येते ती. चिखलात उतरते. मग भाताचं एक खाचर तिच्या नावाचं का नको?"

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, चेहरा उतरला. त्याला दोन मुलं होती आणि जमीन मुळातच थोडी. "वहाळाच्या पाण्यावरचं दिलंत तर चांगलं तेवढं गेलं," तो म्हणाला. त्याचं खरं होतं. मी नको म्हटलं. दोन दिवस कोणी तो विषय काढला नाही. मग एका सकाळी दादाच टोपी घालून, बाबांना घेऊन महाडच्या कचेरीला निघाला. "कसनार तर मीच हाय," तो म्हणाला. "नाव तुझं लागू दे."

कचेरीतला कारकून हसला. "मुलीच्या नावावर? उद्या जावई येऊन नांगर धरील."

"धरू दे," बाबा म्हणाले. "भातच उगवेल ना."

मुंबईला पोचल्यावर वकिलातीत बाबांना बाहेरच्या बाकावर थांबवलं. आतल्या अधिकाऱ्याने उताऱ्याचं भाषांतर दोनदा वाचलं आणि विचारलं, एवढ्याशा जमिनीसाठी तू परत येशील? पाठ करून नेलेलं इंग्रजी मी विसरले. म्हटलं, शेत भाऊ कसतो. मी वर्षाला आठ दिवस लावणीला जाते. दोन लावण्या चुकतील, तिसरीला येईन.

"आणि नाही आलीस तर?"

"तर आई विचारील."

तो हसला नाही. काहीतरी लिहून घेतलं. आठवड्याने व्हिसा मिळाला.

शब्द मी पाळला. शिक्षण संपल्यावर तिथल्या इस्पितळाने थांब म्हटलं, तेव्हा मी घरी पत्र टाकलं. बाबांनी मास्तरांकडून लिहवून पाठवलं, "लावणी झाली. पाऊस कोणासाठी थांबत नाही. तुला बरं वाटेल ते कर." मी परतले आणि पुढच्या आषाढात खाचरात उतरले. पण मुंबईत, जे शिकून आले होते ते करायला ना खाटा होत्या ना माणसं. तीन वर्षं धडपडले आणि पुन्हा निघाले. या वेळी अमेरिकेला नर्सेस हव्याच होत्या. कायम राहण्याचा परवाना मिळाला. परत येणार का, हे कोणी विचारलं नाही. मुलाखत संपली तरी मी क्षणभर खुर्चीतच बसून राहिले. घरी सांगितलं तेव्हा आईनेही विचारलं नाही.

पुढे इकडे अमेरिकेतच लग्न झालं, मुलगी झाली. नाइट ड्युट्या, हप्त्यावरचं घर, बर्फ खरवडून गाडी काढणं, हे सगळं अंगवळणी पडलं. बाबा गेले तेव्हा मी बाराव्याला पोचले. खाचर दादाच्या नावावर करून दिलं. तो नको नको म्हणत होता.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या तुम्हाला घर कशाला म्हणावं हे मला नीट सांगता येणार नाही. गेल्या खेपेला कापड्याला गेले तर दादाच्या नातवंडांनी खुर्ची दिली, बाटलीतलं पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. दोन दिवस मी पाहुणीच होते. मग एका सकाळी, मी पडवीत पेपर चाळत असताना, आतून वहिनीचा आवाज आला, "बसून काय ऱ्हायलीस गो, हे वाल सोल." गुडघे दुखत होते. मी पेपर ठेवला, आत जाऊन जमिनीवर बसले आणि परात पुढ्यात ओढली.