आठ सिलिंडर आणि एक म्हैस

गोंगाटाचा मला लहानपणापासून तिटकारा. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेही वर्ग चिडीचूप असेल तरच. त्यामुळे कोल्हापुरात गवळ्यांच्या गल्लीत घर घेणं हा माझा निव्वळ मूर्खपणा होता. घर घेतलं उन्हाळ्यात. दिवाळीच्या पाडव्याला इथे म्हशी पळवतात हे मला माहीत होतं, पण त्या माझ्याच दारावरून पळणार आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजामागे मालकाच्या भरवशावर धावणारी नटवलेली म्हैस.

पहिल्याच पाडव्याला मी बनियनवर बाहेर आलो आणि दारासमोरच्या मोटारसायकलवाल्याला फैलावर घेतलं. तीन घरं सोडून त्याचा गोठा होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“पावणं, आवाज तुमच्यासाठी न्हाय. म्हशीसाठी हाय.”

“म्हशीला काय कळतंय त्यातलं?”

“बघा की मग.”

त्याने दोन दोस्तांना त्यांच्या गाड्या चालू करायला लावल्या. म्हैस आपली रवंथ करत उभी. मग त्याने स्वतःची गाडी तिच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही अशी नेली आणि चालू केली. आधी तिचे कान फिरले, मग मान, मग ती अख्खी फिरली. मी जन्मभर पोरांकडे सिद्धता मागत आलो होतो. समोर ठेवलेली सिद्धता नाकारणं मला शोभलं नसतं, म्हणून मी घरात गेलो आणि शर्ट घालून परत आलो.

त्या दिवसापासून सकाळचं दूध मी त्याच्याकडे प्यायला लागलो. तो धार काढून फेसाळ पेला तिथल्या तिथे हातात द्यायचा. पेला संपेपर्यंत गप्पा, आणि पुढे पुढे पेला संपल्यावरही गप्पा. तो मला सर म्हणायचा, आणि मी वर्षभरात त्याला अरे-तुरे करायला लागलो होतो. उतारवयात नवा मित्र मिळतो यावर माझा विश्वास नव्हता.

एके सकाळी त्याने मोबाइल माझ्या कानाला लावला. “ऐका.”

कुठल्या तरी जुन्या अमेरिकन गाडीचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू होतं. गुडगुड, मध्येच ठेच लागल्यासारखं, परत गुडगुड.

“बिघडलीय ही,” मी म्हणालो.

“बिघडली न्हाय, सर. आठ सिलिंडर हायत आत. हिला मसल कार म्हणत्यात.”

मग त्याने मला ती विद्या दिली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत साध्या, मध्यम घरांना परवडतील अशा गाड्यांत दांडगी इंजिनं बसवायचे, त्या या गाड्या. “आपल्यातलीच हाय की ही,” तो म्हणाला. “साध्या घरात जन्मली आणि तालमीत गेली.” तो आठवी नापास होता, इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण डोळे मिटून नुसत्या आवाजावरून तो दोन गाड्यांतला फरक सांगायचा. म्हशींच्या संगतीत त्याचे कानही तसेच झाले असावेत.

ती ठेच मात्र माझ्या डोक्यातून जाईना. घरी कागद घेऊन बसलो. आठ सिलिंडर, चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि ते ठरलेल्या क्रमाने पेटतात. क्रम शोधून काढला आणि मांडला: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. सगळे सारख्याच अंतराने पेटतात, पण एका बाजूला कान लावला तर कधी लागोपाठ दोन, कधी मध्ये मोठी फट. ती गुडगुड तिथून येते! दुसऱ्या दिवशी मी हे त्याला सांगितलं, तर त्याने दुधाच्या कॅनवर दोन्ही हातांनी तोच क्रम वाजवून दाखवला. त्याला तो आधीपासून येत होता, फक्त आकडे माहीत नव्हते. त्या सकाळी मी पुरता वाया गेलो. बायको म्हणायला लागली, “स्कूटरला किक बसत नाही आणि बोलणं आठ सिलिंडरचं.”

त्याचं एकच मागणं होतं. अशा गाडीत एकदा बसायचं आणि आवाज आतून ऐकायचा.

गेल्या वर्षी योग आला. माझा एक जुना विद्यार्थी, बीजगणितात दोनदा नापास झालेला, आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना चालवतो. त्याच्याकडे खरीखुरी मसल कार होती. गडद हिरवी, दोन दारांची. पण ती त्याने विकली होती आणि पाडव्याच्या संध्याकाळी ती कायमची चेन्नईला जाणार होती. मी त्याला मित्राचं सांगितलं. तो हौशी निघाला. म्हणाला, “सर, पाडव्याला गल्लीतच आणतो. ते माझ्या शेजारी बसू देत आणि म्हैस पळू दे गाडीमागं. कोल्हापूरनं असलं बघितलं नसेल!”

मित्राला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. प्रश्न एकच, म्हैस नव्या आवाजामागे येईल का? इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, मोबाइलमधला आवाज स्पीकरवर लावू, स्पीकर मोटारसायकलवर घेऊ, तिला सवय होईल. तीन आठवडे आम्ही पहाटे हा उद्योग केला. तो गाडी चालवायचा, मी मागे स्पीकर मांडीवर धरून, आणि म्हैस आमच्यामागे मजेत धावायची. गणिताच्या मास्तराला एवढं कळायला हवं होतं, की वीतभर स्पीकरमधून त्या इंजिनाचा खालचा सूर निघतच नाही.

पाडव्याला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हैस तेलाने चकाकत होती, शिंगं रंगवलेली, त्यांवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. गाडी आली. मित्राने चप्पल बाहेर काढली आणि देवळात शिरावं तसा आत बसला. दार लागलं. विद्यार्थ्याने इंजिन चालू केलं.

जो आवाज मी हजार वेळा ऐकला होता, तो मी ऐकलाच नव्हता हे तेव्हा कळलं. तो छातीत शिरला. पायाखालची फरशी बोलायला लागली. आणि म्हैस चार पावलं मागे सरली, फुरफुरली, आणि थरथरत उभी राहिली.

मित्राने खिडकीतून हाक मारली. एकदा, दोनदा. ती त्याच्याकडे बघेना. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी तरी खो खो हसलं. विद्यार्थी म्हणाला, “राहू दे की म्हैस. तुम्ही बसलाय ना, एक फेरी मारून येऊ.”

जेमतेम अर्धं मिनिट तो आत होता. त्याने समोर बघितलं, मग मागे म्हशीकडे, आणि दार उघडून उतरला. तिच्या मानेवर हात ठेवून काहीबाही पुटपुटला. मग मला म्हणाला, “सर, तुम्ही बसा. गाडी हळू घ्यायला सांगा तेवढी. मी हिला संगं पळवत आणतो.”

मी नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा, तोंडदेखलं तरी. मी बसलो.

गाडी हळू निघाली. मागच्या काचेतून बघितलं तर तो अनवाणी धावत होता, एक हात म्हशीच्या पाठीवर, आणि ती त्याच्याबरोबर धावत होती. गल्लीने नुसता जल्लोष केला. कोपरा आला, पुढे मोकळा रस्ता दिसला. विद्यार्थ्याने विचारलं, “सर, दाबू का?”

मी म्हणालो, “दाब.”

कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. गल्लीच्या तोंडाशी मला सोडून विद्यार्थी तसाच निघून गेला. त्याला गाडी उन्हं उतरायच्या आत कंटेनरमध्ये चढवायची होती. गल्ली रिकामी झाली होती. मित्र गोठ्यासमोर बसून ओल्या फडक्याने म्हशीचे पाय पुसत होता. त्याचा स्वतःचा अंगठा फुटला होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की सरळ घरी जावं असं मनात आलं.

“आलासा?” त्याने फडकं बाजूला ठेवलं. “कसं हुतं आत?”

काही विशेष नाही, असं सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं. त्याच्या मनाला कमी लागेल म्हणून. पण त्याने डोळे मिटून घेतले होते आणि तो ऐकायला बसला होता. त्या कानांशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. आवाज आधी पायांतून येतो, मग पाठीतून, कानात सगळ्यात शेवटी. गिअर पडताना अख्खी गाडी एका अंगावर कलते. दर वाक्याला तो मान हलवत होता.

“आणि दाबल्यावर?”

“दाबल्यावर,” मी म्हणालो, “तू मागं पळतोयस हे मी विसरूनच गेलो रे.”

तो डोळे उघडून म्हणाला, “तुम्ही इसरला? म्हंजे लईच भारी असणार, सर.”