अध्यक्षांच्या आजोबांचा वाघ

त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. सकाळी रिसोडजवळच्या मालेगावहून एस.टी.नं जायचं, तास घ्यायचे, दुपारी परत यायचं. विभागात माणसं तीनच. विभागप्रमुख सर, मी आणि प्रयोगशाळेत परिचर म्हणून उभी हयात घालवलेले एक चाचा. चौथा होता वाघ.

भुसा भरलेला वाघ. संस्थेच्या अध्यक्षांच्या आजोबांनी तो मारला होता, असं सगळे सांगायचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लाकडी चौथऱ्यावर तो उभा असे. ओठांना लाल ऑइलपेंट, जीभ प्लास्टरची, एक कान वाळलेल्या पापडासारखा मुडपलेला. पण खरा त्रास वासाचा. ओलं पोतं, डांबरगोळ्या आणि त्याखाली काहीतरी गोडसर कुजल्यासारखं. पावसाळ्यात तो वास साडीला चिकटून घरापर्यंत यायचा. मी डबा कायम व्हरांड्यात खाल्ला.

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर सरांना कल्पना सुचली.

"मॅडम, त्या कोपऱ्यात एक दालन करू. जमिनीवरचे जगातले सर्वात मोठे मांसाहारी सस्तन प्राणी. तुम्ही मोठा तक्ता करा, वजन-लांबी सगळं टाका. अन् मधात आपला वाघ. जरा स्वच्छ करून घ्या त्याले."

तक्ता करायला मला आवडला. सगळ्यात वर ध्रुवीय अस्वल, नराचं वजन सातशे किलोपर्यंत जाणारं. त्याच्या जवळपास अलास्काच्या बेटावरचं तपकिरी अस्वल. मग बऱ्याच अंतरानं वाघ, मोठा नर दोनशे-अडीचशे किलोचा, शेपटीसकट नऊ-दहा फूट. मग सिंह. सगळी चित्रं मी एकाच प्रमाणात काढली आणि शेजारी एक माणूस उभा केला, म्हणजे मुलांना अंदाज यावा.

मग वाघाकडे वळले. मी नाकाला रुमाल बांधला. चाचांनी ओल्या फडक्यानं पाठ पुसायला घेतली, तर फडक्याबरोबर केसांचा पुंजकाच निघून आला. खाली चामडं राखाडी आणि भोकाभोकांचं. त्या भोकांतून केसाळ अळ्या वळवळत बाहेर पडल्या.

"मॅडम, तुमी कायले हात लावून राह्यल्या? मी करतो न," चाचा म्हणाले.

"तुम्ही एकटे किती कराल चाचा?"

पोटाखालची शिवण उसवली होती. चाचांनी बॅटरी धरली आणि मी खाली वाकून आत पाहिलं. भुशात उंदरीनं घर केलं होतं. बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं, एकावर एक. दोन-तीन मेलेली आणि त्यांच्यावर मुंग्या. मी धावत बेसिनवर गेले. सकाळचे पोहे सगळे बाहेर आले.

परत आले तेव्हा चाचांनी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेलं होतं. मी कापूस आणि नवा भुसा भरला, त्यांनी दाभणात सुतळी ओवून दिली. शिवताना हाताला काहीतरी कडक लागलं. आधी वाटलं, वाळलेली गोचीड असेल. मग तसंच दुसरं लागलं, तिसरं लागलं. दोन ओळींत, मनुकांसारखे सुकलेले. सड होते ते, पिल्लांना पाजून लांबलेले.

"चाचा, ही वाघीण आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "हाव. मले मालूम हाये."

"कधीपासून?"

"नोकरीले लागलो तवापासून. पोट झाडाले मीच खाली बसतो न."

"मग कोणाला सांगितलं नाही?"

"कोन इचारते मॅडम मले?"

आम्ही शिंप्याच्या टेपनं मोजलं. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या बाकावरून टेप नेऊनसुद्धा आठ फुटांच्या वर एक बोट भरेना. चौथऱ्यावरची जुनी पाटी सांगत होती: नर, अकरा फूट.

मी सरांना जाऊन सांगितलं. ते समितीच्या जेवणाची यादी करत होते.

"मादी? अन् आठ फूट?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग काय, अध्यक्षांच्या आजोबांनी बाईमानूस मारलं असं लिहायचं का? पाटी जुनी झाली तेवढी नवी करा. मजकूर तोच. तुमचं अक्षर चांगलं आहे."

जूनमध्ये तासिका पुन्हा मिळायच्या होत्या आणि त्या सरांच्या सहीनं मिळायच्या. मी पाटी केली. नर, अकरा फूट. चांगल्या अक्षरात, खाली लाल रेघ मारून. शेजारीच माझा तक्ता होता, मोठ्यात मोठा नर दहा फुटांच्या आसपास सांगणारा. कोणी दोन्ही वाचले असते तर खोटं तिथंच पकडलं असतं.

कोणी वाचलं नाही. समिती आली. अध्यक्षांनी वाघाच्या मानेवर हात ठेवून फोटो काढले. आजोबांची गोष्ट सांगितली, त्यात वाघानं चार माणसं खाल्ली होती आणि आजोबांनी रात्रभर बंदूक घेऊन बसून त्याला टिपला होता. समितीतले एक गृहस्थ त्या चौथऱ्याला टेकूनच पेढा खात होते. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. त्याच बोटांनी त्यांनी आत्ता पाठ थोपटली होती.

ते फोटो गावभर मोबाइलवर फिरले. आठवडा गेला नाही तोच वनविभागाची गाडी आली. वाघाच्या मालकीचं प्रमाणपत्र दाखवा, म्हणाले; भुसा भरलेला वाघ ठेवायलाही ते लागतं. तसं काही नव्हतं. अध्यक्ष आले, तेही चप्पल काढायचं विसरून थेट प्रयोगशाळेत.

"आमच्या घरचं नाही हो हे," ते म्हणाले. "जुनं काहीतरी पडून आहे इथं. आमचे आजोबा तर माळकरी होते. मटण शिवत नव्हते."

मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते. समितीसमोरचे ते चार खाल्लेले लोक, ती बंदूक, ती रात्र, सगळं त्या एका वाक्यात नाहीसं झालं. अळ्या पाहून आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली. आणि त्यातला एक वाटा माझ्या अक्षराचा होता.

अधिकारी पंचनामा लिहीत होते. पाटीवरून त्यांनी वाचायला सुरुवात केली, "नर..."

"मादी लिहा साहेब," मी म्हणाले. "लांबी आठ फूट. पाटी मी केली, ती चुकीची आहे. पाहिजे तर पोटाखाली हात लावून पाहा."

त्यांनी हातमोजा घातला, वाकून पाहिलं, आणि नराच्या जागी मादी लिहिलं. अध्यक्ष बाहेर निघून गेले. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला मधात?" खाली सही करायला सांगितली, तिथं केली. चाचांनीही केली, उर्दूत.

ताडपत्रीत गुंडाळून वाघिणीला पिकअपमध्ये घातलं तेव्हा एक पाय बाहेर राहिला. चाचांनी तो आत सारला आणि हात धुवायला नळावर गेले.

जूनमध्ये मला तासिका मिळाल्या नाहीत. आता मी रिसोडला एका क्लासमध्ये शिकवते. तिथं प्रयोगशाळा नाही, नुसता फळा आहे. सुरुवातीला काही दिवस मी तिथंही डबा घेऊन जिन्यात जाऊन बसत होते. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमी बाहेर काहून जेवता?" त्या दिवसापासून आत जेवते.